शाळेत मिळणारी जंताची गोळी – नऊ वर्षं वाटली, आता रिव्ह्यू लिहिते (पाचपैकी चार)

ही गोळी फुकट मिळते म्हणूनच बहुतेक हिच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही. तीनशे रुपयांच्या टॉनिकबद्दल लोक पानभर लिहितात, भूक लागली का, वजन वाढलं का, आणि वर्षातनं दोनदा शाळेत जी गोळी मिळते ती आपल्या पोरानं चावली का गिळली का खिशात घालून घरी आणली हे बऱ्याच घरात माहीतपण नसतं. म्हणून लिहायला बसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगाला, दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. माझा स्वतःचा मुलगापण याच शाळेत दुसरीला आहे. म्हणजे गोळी मी वाटतेपण आणि माझं लेकरू ती खातंपण, त्यामुळे दोन्हीकडनं सांगते.

गोळीचं नाव अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये हीच गोळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं मिळते, फार महाग नसते. चावून खायची असते. चव गोडसर, चावताना जरा खडूसारखी लागते पण पोरं तोंड वाकडं करत नाहीत, आमच्याकडे पहिलीतली दोघं-तिघं तर दुसरी मागतात. एक वर्षापासून एकोणीस वर्षांपर्यंत सगळ्यांना देतात, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, आणि लहान लेकरांना कधीच अख्खी तोंडात टाकायची नाही, दोन चमच्यांमध्ये दाबून चुरा करायचा आणि पाण्यात कालवून पाजायचा. रडणाऱ्या बाळाचं नाक दाबून तर मुळीच द्यायची नाही, घशात अडकते. हे अंगणवाडीताईंना माहीत असतं पण घरी गोळी आणून देणाऱ्यांना नसतं, म्हणून लिहिलं.

राष्ट्रीय जंतनाशक दिन देशात २०१५ साली सुरू झाला. मुळात १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, पण आपल्याकडे तारीख मागंपुढं होते त्यामुळे शाळेत किंवा आशाताईंना विचारून घ्या. त्या दिवशी जे पोर गैरहजर असेल किंवा आजारी असेल त्याच्यासाठी आठवड्याभरात मॉप अप दिवस असतो. हा मॉप अप दिवस आईबापांना माहीतच नसतो, तो लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बोलणारच आहे.

आता काम करते का, तर करते. मी डोळ्यानं बघितलंय.

मागे चौथीत एक मुलगी होती. खिडकीशी बसायची, प्रार्थना झाली की दहा मिनिटांत दप्तरावर डोकं ठेवायची. हुशार होती, पाढे तोंडपाठ, पण दुपारनंतर तिच्यात जीवच राहायचा नाही. आणि पाटीवरची पेन्सिल खायची. नवीन पेन्सिल दिली की दोन दिवसांत संपलेली, ओठांच्या कडेला पांढरी पूड. आधी मला वाटलं नुसती सवय आहे, रागावलेपण एकदोनदा, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग एकदा तिची खालची पापणी ओढून बघितली तर आतनं लाल दिसायच्या जागी कागदासारखी. ऑगस्टमध्ये गोळी दिली, माझ्यासमोर चावली तिनं, तोंड उघडून दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आत तिची आजी ओट्यावर येऊन बसलेली. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "बाई, पोरीच्या परसाकडंला दोन पडले. गांडुळावानी. हे एवढं." आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवून दाखवलं. घाबरली होती बिचारी, तिला वाटलं गोळीनं पोटात काहीतरी झालं. मी म्हटलं आजी, गोळीनं झालं नाही, होतं ते गोळीनं बाहेर काढलं.

तो गोल जंत. तो एवढा लांब होतोच, वीतभर ते फूटभर. त्याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती सगळी शौचावाटे बाहेर पडतात. ती अंडी लगेच काही करत नाहीत, ओल्या मातीत दोन-तीन आठवडे राहिली की मग ती पोटात जाण्याइतकी तयार होतात आणि मग नखातनं, न धुतलेल्या गाजरातनं, मातीत पडलेल्या बोरातनं परत दुसऱ्याच्या पोटात. एक गोष्ट मला स्वतःला ट्रेनिंगला जाईपर्यंत माहीत नव्हती, की हे जंत पोटात वाढून वाढून शंभराचे हजार होत नाहीत. जेवढी अंडी तोंडावाटे आत गेली तेवढेच जंत. म्हणजे ज्या पोराच्या पोटात जास्त जंत सापडतात ते पोर रोज कुठनंतरी ते आत घेतंय, असा त्याचा अर्थ. गोड खाल्लं म्हणून जंत होत नाहीत, गुळाचा खडा खाल्ला म्हणून पोराला मारू नका. झोपेत दात खातो म्हणजे जंतच, गालावर पांढरा डाग म्हणजे जंतच, असंपण नसतं.

गोळी काय करते तर जंताला साखर शोषून घेता येत नाही अशी त्याची अवस्था करते, तो उपाशी मरतो आणि पडतो. पोराच्या रक्तात ही गोळी फारशी उतरत नाही, आतड्यातच राहते, म्हणून इतक्या पोरांना तपासणी न करता देता येते. दहा-वीस पोरांत एखाद्याला मळमळतं, पोटात कळ येते, एखादी उलटी होते, जास्त करून ज्याच्या पोटात जंत जास्त त्यालाच. आम्ही खिचडी खाऊन झाल्यावरच देतो, आणि गोळीनंतर पोरांना लगेच घरी सोडत नाही, सावलीत बसवून गोष्ट सांगते. एका वर्षी एकानं उलटी केली आणि त्याच्याकडे बघून आणखी चौघांना मळमळायला लागलं, गावात फोन गेले, अर्धी वाडी शाळेत आली. पाणी पाजलं, पंधरा मिनिटांत सगळे पकडापकडी खेळत होते. पण त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातला व्हिडिओ फिरला की गोळीनं पोरं मेली, आणि पुढच्या वेळेला सात घरांनी पोरंच पाठवली नाहीत. त्यानंतर मी एक करते, वाटायच्या आधी सगळ्यांसमोर माझ्या मुलाला पहिली गोळी देते. बायका दारात उभ्या राहून बघतात. ते बघितल्यावर मग कुणी काही विचारत नाही.

हो, पोर तापानं फणफणलं असेल किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर त्या दिवशी देऊ नका, बरं झालं की मॉप अपला द्या.

आता आमच्या भागात जो खरा त्रास आहे तो गोल जंतापेक्षा आकड्याचा जंत, हूकवर्म. तो सहसा तोंडावाटे जात नाही, पायातनं शिरतो. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या विष्ठेतनं अंडी मातीत पडतात, ओल आणि सावली मिळाली की त्यातनं बारीक अळ्या निघतात, आणि अनवाणी पाय पडला की कातडीतनं आत जातात. पाय खाजतो, दोन दिवस लाल पुरळ येतं, आईला वाटतं चिखलानं खाजतंय. तिथनं त्या रक्तातनं फुफ्फुसात, तिथनं घशात, घशातनं परत पोटात, आणि आतड्याला आकडा लावून बसतात आणि रक्त पितात. एकदोन असले तर काही कळत नाही, शे-दीडशे असले की पोराच्या अंगातलं लोह रोज थोडं थोडं गळत राहतं. पश्चिम अकोल्यातला पाऊस ज्यानं बघितलाय, घाटघर-रतनवाडीकडचा, त्याला सांगायला नको. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की पोरं शाळा सुटली की आईच्या मागं भातखाचरात, गुडघाभर चिखलात, चप्पल घालायचा प्रश्नच नाही, चिखलात चप्पल राहतच नाही. आणि बांधाच्या पलीकडेच लोक सकाळी टमरेल घेऊन जातात. म्हणून ऑगस्टची गोळी आमच्यासाठी जास्त मोलाची, आवणी उरकता उरकता मिळते.

आणि फेब्रुवारीची? इथं मी एक तारा कापलाय.

दिवाळी झाली, भात निघाला, की आमच्या वाड्या निम्म्या रिकाम्या होतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर, जुन्नरच्या बागायतीत, कोणी संगमनेरकडे, आईबाप पोरांना घेऊन जातात. कांदा, टोमॅटो, द्राक्ष. फेब्रुवारीत माझ्या पटावर एकेचाळीस आणि समोर बसलेली पंचवीस. राहिलेली सोळा कुठल्यातरी शेताच्या कडेला ताडपत्रीच्या पालात असतात, तिथं संडास नाही, हात धुवायला नीट पाणी नाही, जंत होण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्यांनाच, आणि गोळी मिळत नाही ती त्यांनाच. मॉप अप आठवड्याभरात असतो, आठवड्यानं ती काही परत येत नाहीत, येतात शिमग्याला नाहीतर थेट उन्हाळ्यात. नियमाप्रमाणे जिथं पोर असेल तिथल्या अंगणवाडीत, शाळेत त्याला गोळी मिळायला पाहिजे, शाळेत नाव नसलं तरी. पण मालकाच्या रानात पाल टाकलेल्या बाईला हे सांगायला कोण जातंय. मी आता दिवाळीच्या सुट्टीआधी जाणाऱ्या प्रत्येक आईला सांगते की फेब्रुवारीत तिथल्या आशाताईंना शोधा आणि पोराला गोळी मागा, लाजू नका. गेल्या साली चार जणींनी मागितली. सोळातल्या चार.

दुसरी तक्रार वाटण्याच्या पद्धतीची. माझी आधीची शाळा दुसरीकडे होती, नाव घेत नाही, तिथं त्या दिवशी खूप घाई, दुपारी मिटिंग, म्हणून गोळ्या पोरांच्या हातात दिल्या, घरी जाऊन खा. दुसऱ्या दिवशी झाडताना ओट्याखाली अकरा गोळ्या सापडल्या. रजिस्टरमध्ये शंभर टक्के. ही गोळी घरी द्यायचीच नसते, समोर चावून घ्यायची असते. तुमचं पोर घरी गोळी घेऊन आलं तर शाळेत जाऊन विचारा, शांतपणे विचारा, पण विचाराच.

आता ज्याच्यासाठी बरेच लोक ही गोळी देतात ते, वजन. इथं मला स्पष्ट सांगायचंय कारण दरवेळी दोन महिन्यांनी आया येतात, बाई गोळी दिली तरी अंगाला काही लागेना.

नुसत्या गोळीनं वजन वाढेलच असं नाही. उत्तर प्रदेशात लहान मुलांवर एक प्रचंड मोठा अभ्यास झाला होता, दहा लाख मुलं, वर्षातनं दोनदा हीच गोळी, २०१३ साली त्याचे आकडे छापून आले, आणि वजनात म्हणावा असा फरक दिसला नाही. दुसरीकडे केनियाच्या पश्चिम भागात बुसिया म्हणून जिल्हा आहे, तिथं पंचाहत्तर शाळांमध्ये १९९८ पासून गोळ्या दिल्या, तिथं पोरांची गैरहजेरी चौथ्या हिश्शानं कमी झाली. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकल क्रेमर यांना पुढे २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यावरपण अभ्यासकांचे वाद झालेत, कोण म्हणतं फरक मोठा, कोण म्हणतं इतका नाही. माझ्या वर्गापुरतं मला जे वाटतं ते असं, की ज्याच्या पोटात जंत भरलेत त्याला गोळीनं खूप फरक पडतो, ज्याच्या पोटात नाहीतच त्याला काय पडणार, आणि सगळ्यांची सरासरी काढली की तो फरक त्यात विरघळून जातो. ती चौथीतली मुलगी सरासरीत कुठं दिसणार.

आणि तिचंपण नुसत्या गोळीनं झालं नाही. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आसपास. जंत पडले म्हणजे गळती थांबली, गेलेलं रक्त कोण भरणार? त्याला लोहाच्या गोळ्या लागल्या, डॉक्टरांनी रोजच्या लिहून दिल्या, आणि खाणं लागलं. सकाळी ती कोरा चहा आणि बेकरीतलं कडक बटर खाऊन यायची, आमच्याकडे सगळी पोरं तेच खातात. लोहाची गोळी आणि चहा एकत्र घेतला तर लोह अंगाला लागत नाही, हे आजीला सांगितलं, म्हटलं चहा उशिरा द्या आणि घरात नागली (नाचणी) आहे ना, भाकरी द्या, सोबत लिंबू द्या, पेरू द्या. आजी म्हणाली, नागली तर आमी खातोच की, तिलाच नको, तिला बटर पायजे. मग मी वर्गात रोज डब्यातनं नागलीची भाकरी आणायला लागले आणि सगळ्यांसमोर खायला लागले. दिवाळीपर्यंत तिनं पेन्सिल खायची सोडली. तोपर्यंत मला माहीत नव्हतं की अंगात लोह कमी असलं की माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटते. तुमचं पोर असं करत असेल तर मारू नका, रक्त तपासा.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा (२०१९-२१) आकडा काढून बघा, महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ एकोणसत्तर पोरांना रक्त कमी, आणि पस्तीस पोरं वयाच्या मानानं ठेंगणी. ही पोरं सहा वर्षांची झाली की माझ्या पहिलीत येतात. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी मिळते लोहाची, मोठ्या पोरांना निळी, ती जंताच्या गोळीची जोडीदार समजा, एक घेतली आणि एक सोडली तर अर्धंच काम होतं.

शाळेच्या जेवणाबद्दल दोन शब्द. पहिली ते पाचवीला कागदावर माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ-कडधान्य, पन्नास ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं. ज्या दिवशी मटकी नीट पडते, वाडीतनं कोणी भोपळा नाहीतर शेवग्याचा पाला आणून देतं, त्या दिवशी ते जेवण खरंच चांगलं असतं, आमच्या शिजवणाऱ्या ताईंच्या हाताला चव आहे. ज्या दिवशी भाजी येत नाही त्या दिवशी पिवळा भात. जंत काढून रिकाम्या केलेल्या पोटात पिवळा भातच घातला तर वजनाचा काटा कशाला हलेल.

घरगुती औषधांचंपण सांगते कारण विचारतातच. वावडिंग, डिकेमाली, पळसाचं बी, कारल्याचा रस, आमच्याकडे सगळं आहे आणि आज्यांना त्याची माहिती माझ्यापेक्षा जास्त. वावडिंग बाळगुटीत माझ्या आईनंपण मला दिलंय. मी कुणाला ते सोडा म्हणत नाही, पण त्याचा डोस प्रत्येक घरात वेगळा आणि पोरानं कडू म्हणून निम्मं थुंकलेलं असतं. वर्षातनं दोनदा गोळी घ्याच, मग बाकीचं जे करायचं ते विचारून करा. आणि रात्री पोर गुदाशी खाजवत असेल, सुतासारखे पांढरे बारीक जंत दिसत असतील, तर तो वेगळा प्रकार, त्याला एका गोळीनं भागत नाही, दोन आठवड्यांनी परत द्यावी लागते आणि घरातल्या सगळ्यांना घ्यावी लागते, डॉक्टरांना विचारा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिनं न विचारता घेऊच नये. चाबकासारखा एक जंत असतो त्याच्यावरपण ही एक गोळी तितकीशी चालत नाही. ही कमी आहे गोळीत, पण त्याच्यासाठी मी तारा कापलेला नाही.

तर चार तारे गोळीला. कापलेला एक फेब्रुवारीच्या सोळा पोरांचा.

आमच्या शाळेला मात्र मी तीनच दिले असते. संडास आहेत, दोन, मुलींचा वेगळा, टाइल्स लावलेत, भिंतीवर हात धुण्याचं चित्र काढलंय, वर पाचशे लिटरची टाकी बसवलीये. टाकीत पाणी पावसाळा सोडला तर नसतं. मार्चपासून विहिरीवरनं दोन कळशा येतात त्या प्यायला आणि खिचडीला पुरतात. मग पोरं शाळेमागच्या करवंदीच्या जाळीत जातात, परत येतात, साबण आहे पाणी नाही, पायजम्याला हात पुसून जेवायला बसतात. मी गोळी देऊन सहा महिन्यांचं साफ करते आणि त्या जाळीत ते परत भरतं. पाइपलाइन मंजूर झालीये, चारी खणून झालीये, पाइप ओट्याशी येऊन पडलेत. मी दर सोमवारी ग्रामसेवकांना फोन करते, आता तर ते उचलल्या उचलल्याच म्हणतात, हो मॅडम, टाकीचंच ना.